बॅनकबर्न, २४ जून १३१४ : त्या ओढ्याकाठी नेमकं काय ठरलं?

पायवाट :

'बर्न' म्हणजे इकडच्या बोलीत ओढा. बॅनकबर्न हा खरोखरच एक ओढा आहे. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यातून सहज ओलांडता येतो. आम्ही गेली नऊ वर्षं फॉल्कर्कला राहतो, तिथून स्टर्लिंगला गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचतो. पहिल्या खेपेला मी सगळे करतात तेच केलं. टेकाडावर इथे इंग्रजांना हरवणाऱ्या स्कॉट राजाचा, रॉबर्ट ब्रूसचा घोड्यावरचा पुतळा आहे, लढाईला ६५० वर्षं झाली तेव्हा, १९६४ साली बसवलेला. त्याच्याखाली फोटो काढला आणि घरी आले. शेजारच्या आजींना दाखवला तर त्या म्हणाल्या, "पुतळ्यापाशी काही झालं नाही गं, खाली ओढ्याकडे जा." तेव्हापासून जातेय, वाचतेय. आज लिहायला बसलेय.

आधी थोडी पूर्वपीठिका. १२८६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर रात्रीच्या वादळात घोड्यावरून निघाला आणि किंगहॉर्नजवळ पडून मेला. मुलं आधीच गेलेली. उरली नॉर्वेत वाढलेली एक चिमुरडी नात, तीही १२९० मध्ये इकडे येताना वाटेत ऑर्कनी बेटांवर गेली. गादीवर हक्क सांगणारे डझनभर. निवाडा करायला बोलावलं शेजारच्या इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला, आणि त्याने निवाड्याआधीच सगळ्यांकडून स्वतःचं वर्चस्व कबूल करून घेतलं. जॉन बेलिअल राजा झाला तो मांडलिक म्हणूनच. १२९६ मध्ये एडवर्ड फौज घेऊन आला, बेलिअलला काढलं, आणि स्कून इथली राज्याभिषेकाची शिळा उचलून लंडनला नेली. पुढे इंग्रजांविरुद्ध उठलेला वॉलेस, १२९७ चा स्टर्लिंगच्या पुलावरचा विजय, १२९८ चा फॉल्कर्कचा पराभव, १३०५ मध्ये वॉलेसचा लंडनमधला क्रूर वध. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

ब्रूस मात्र सुरुवातीपासून वीर वगैरे नव्हता, हे सांगायलाच हवं. एडवर्डशी इमान राखायच्या शपथा त्याने एकाहून जास्त वेळा घेतल्या आणि मोडल्या. १० फेब्रुवारी १३०६ ला डम्फ्रीसच्या चर्चमध्ये, वेदीसमोर, त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या हातून जॉन कोमिन या प्रतिस्पर्ध्याचा खून झाला. सहा आठवड्यांत तो राजा झाला, आणि तीन महिन्यांत मेथव्हेनला हरून रानोमाळ. त्यानंतरची सात वर्षं शुद्ध गनिमी कावा. घेतलेला जवळजवळ प्रत्येक किल्ला तो पाडून टाकत असे, म्हणजे शत्रूला परत वापरता येऊ नये. १३१४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत रॉक्सबर्ग गेलं, एडिनबर्गचा कडा रात्री चढून टॉमस रँडॉल्फने तोही किल्ला घेतला. उरलेल्यांत महत्त्वाचं होतं स्टर्लिंग. तिथल्या किल्लेदाराने, फिलिप मोब्रेने, शब्द दिला : २४ जूनपर्यंत मदत आली नाही तर किल्ला खाली करतो.

मदत आली. पहिल्या एडवर्डचा मुलगा, आताचा राजा दुसरा एडवर्ड स्वतः आला. इतिहासकारांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण इंग्रजांकडे ब्रूसच्या दुप्पट माणसं होती यावर बहुतेकांचं एकमत आहे. ब्रूसकडे सहा-सात हजार, बहुतेक पायदळ, हातात लांब भाले.

पहिल्या दिवसाचा, २३ जूनचा कुऱ्हाडीचा प्रसंग सगळ्यांना आवडतो. हेन्री डी बोहून हा तरणा सरदार भाला रोखून थेट ब्रूसवर धावून आला. ब्रूस एका लहान तट्टावर, हातात फक्त कुऱ्हाड. त्याने ऐन वेळी तट्टू बाजूला घेतलं, रिकिबीत उभा राहिला आणि शिरस्त्राणासकट डोकं फोडलं. नंतर सरदार रागावले की राजाने असा जीव धोक्यात घालायचा का, तर म्हणाला, माझी चांगली कुऱ्हाड मोडली. ही गोष्ट ॲबरडीनच्या जॉन बार्बरने साठेक वर्षांनी स्कॉट्स बोलीतल्या काव्यात लिहिली.

मला स्वतःला त्यानंतरची रात्र जास्त महत्त्वाची वाटते. जूनअखेरची रात्र इथे नीट काळोखी होतच नाही. इंग्रज सैन्य ओढा ओलांडून खालच्या सपाटीवर उतरलं, कारण हजारो घोड्यांना पाणी पाजायचं होतं. ही सपाटी म्हणजे फोर्थ नदीकाठची चिकणमातीची दलदल, मध्ये मध्ये पाण्याचे चर. बार्बर लिहितो की आसपासची घरं मोडून त्यांची दारं आणि छपरांचं गवत त्या चरांवर टाकून घोडे पलीकडे नेले. रात्रभर कुणी नीट झोपलं नाही. तिकडे ब्रूस माघारीच्या विचारात होता. एवढ्यात इंग्रजांकडून लढणारा एक स्कॉट, अलेक्झांडर सीटन, गुपचूप त्याच्याकडे आला आणि म्हणाला, त्यांचा धीर सुटलाय, लढायचं असेल तर आत्ताच.

पहाटे स्कॉट लोक झाडीतून बाहेर आले आणि गुडघे टेकून प्रार्थनेला बसले. एडवर्ड म्हणाला, क्षमा मागताहेत. जवळचा सरदार म्हणाला, मागताहेत, पण तुमच्याकडे नाही, देवाकडे.

आता यातली लढाईची मेख. शिल्ट्रन म्हणजे भालाइतांचा दाट घोळका, चहूकडून भाले बाहेर. १२९८ ला फॉल्कर्कला वॉलेसने हेच घोळके उभे केले होते, पण ते जागच्या जागी. तिरंदाजांनी त्यांची चाळण केली आणि मग घोडे आत घुसले. ब्रूसने आपल्या माणसांना घोळका न मोडता *चालायला* शिकवलं होतं. दोन ओढ्यांच्या बेचक्यात अडकलेल्या, पसरायला जागा नसलेल्या घोडदळावर भाल्यांची भिंत चालून आली. ग्लॉस्टरचा तरुण अर्ल आदल्या दिवसाच्या मानापमानाने चिडून आपली ओळख दाखवणारा डगला न घालताच पुढे धावला आणि पहिल्या फटक्यात मेला. त्या डगल्यामुळे ओळख पटली असती तर त्याला मारला नसता, खंडणीसाठी जिवंत धरला असता. तिरंदाज बाजूला येऊ लागले तर रॉबर्ट कीथच्या पाचशे हलक्या स्वारांनी त्यांना उधळलं. मागच्या टेकडीवरून नोकरचाकर, सामानवाले, गावकरी आरडाओरडा करत उतरले, इंग्रजांना वाटलं नवी कुमक आली. मग पळापळ. ओढा माणसांनी आणि घोड्यांनी इतका भरला की त्यांच्यावरून कोरड्या पायाने पलीकडे जाता येत होतं, असं बार्बर म्हणतो. हे वाचल्यावर मी त्या ओढ्याकडे पहिल्यासारखं बघू शकले नाही.

एडवर्ड स्टर्लिंगच्या दाराशी गेला. मोब्रेने आत घेतलं नाही, कारण किल्ला आता शब्दाप्रमाणे द्यायचा होता. मग डन्बारपर्यंत घोड्यावर, पुढे होडीने.

माझा मुद्दा असा. बॅनकबर्नने स्वातंत्र्य मिळालं हे खरं नाही. इंग्लंडने ब्रूसला राजा मानलं ते १३२८ च्या तहात, चौदा वर्षांनी. पण त्या दिवसाने एक गोष्ट परत आली, जिच्यावर फार कमी लिहिलं जातं : बायका. त्यावर खाली प्रतिसादात लिहिते, धागा लांबलाय. तुम्हाला काय वाटतं?

---

अबोली७ : वाचतेय, एका दमात वाचलं. बायकांबद्दल लवकर लिही.

---

तिसरा_प्रहर : चांगला लेख, पण त्या दिवशी काही 'ठरलं' याला माझी हरकत आहे. १३२९ मध्ये ब्रूस वारला, मुलगा डेव्हिड पाच वर्षांचा. १३३२ ला डप्लिन मूर आणि १३३३ ला हॅलिडन हिल, दोन्हीकडे स्कॉटांचा धुव्वा उडाला. तिथे इंग्रजांच्या बाजूने तिरंदाज नीट मांडलेले होते आणि भालाइत चढावर चालून गेले. म्हणजे बॅनकबर्नचीच युक्ती उलटली. डेव्हिडला फ्रान्सला पळवून न्यावं लागलं. एवढं झाल्यावर १३१४ ने काय ठरलं म्हणायचं?

आणि आणखी एक. बॅनकबर्नला स्कॉट विरुद्ध इंग्रज असं सरळ चित्र नव्हतंच. कोमिन घराणं आणि त्यांचे सोयरे इंग्रजांकडून लढत होते. तुम्हीच लिहिलंय तो सीटन आणि तो किल्लेदार मोब्रे, दोघेही स्कॉट.

---

पायवाट : @तिसरा_प्रहर, दोन्ही मुद्दे रास्त आहेत. दुसऱ्यापासून सुरू करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

१३१४ च्या नोव्हेंबरमध्ये, स्टर्लिंगजवळच्या कॅम्बसकेनेथ मठात सभा भरली. ठराव झाला : जे अजून राजाकडे आले नाहीत त्यांच्या जमिनी कायमच्या गेल्या. तोवर बड्या सरदारांच्या जमिनी दोन्ही राज्यांत असायच्या, निष्ठाही दोन्हीकडे. ब्रूसचं स्वतःचं घराणं तसंच होतं. त्या ठरावानंतर एकच राजा निवडावा लागला. १३३२ ला जे परत आले ते बहुतांशी याच वतन गेलेल्यांची मुलं-माणसं, बेलिअलच्या मुलाला पुढे करून. म्हणजे तुम्ही म्हणता तो पराभव बॅनकबर्नच्याच पोटातून आला, हे मी मान्य करते.

पण बघा, हॅलिडन हिलनंतर लोकांनी काय केलं? पुन्हा लढत राहिले, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या नावाने. १२९६ ला राजा पकडला गेल्यावर बरेचसे सरदार एडवर्डपुढे गुडघे टेकून आले होते. १३३३ नंतर लढा तसा थांबला नाही. मधल्या काळात काहीतरी पक्कं झालं होतं.

आता बायका. मार्च १३०६ ला ब्रूसच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो बुकनच्या काउंटेस इझाबेलाने. राजाला गादीवर बसवायचा मान तिच्या माहेरचा, मॅकडफ घराण्याचा. भाऊ इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून ही आली. आणि तिचा नवरा? कोमिन! म्हणजे ज्याचा खून झाला त्याच्याच घराण्यातला. ती नवऱ्याविरुद्ध, सासरविरुद्ध गेली. पकडल्यावर पहिल्या एडवर्डने तिला बेरिकच्या किल्ल्यात लाकडी-लोखंडी पिंजऱ्यात ठेवलं. तसाच पिंजरा ब्रूसची बहीण मेरीसाठी रॉक्सबर्गला. मुलगी मार्जरी तेव्हा दहाएक वर्षांची, तिच्यासाठीही लंडनला पिंजऱ्याचा हुकूम निघाला होता, मग बदलला आणि तिला जोगिणींच्या मठात ठेवलं. बायको एलिझाबेथ वेगळ्या नजरकैदेत. आठ वर्षं.

बॅनकबर्नहून पळताना हेरफर्डचा अर्ल बॉथवेलच्या किल्ल्यात शिरला आणि तिथल्या किल्लेदाराने बाजू बदलून त्याला ब्रूसच्या हवाली केलं. या एका माणसाच्या बदल्यात राणी, मुलगी, बहीण आणि ग्लासगोचा म्हातारा बिशप विशार्ट परत आले. विशार्ट कैदेत आंधळा झाला होता.

परत आलेल्यांत इझाबेलाचं नाव नाही. चार वर्षं पिंजऱ्यात काढल्यावर १३१० ला तिला मठात हलवलं होतं.

मार्जरीचं लग्न पुढच्या वर्षी वॉल्टर स्टुअर्टशी झालं. तिचा मुलगा रॉबर्ट १३७१ ला राजा झाला, स्टुअर्ट घराण्याचा पहिला. त्याच घराण्यातला सहावा जेम्स १६०३ ला इंग्लंडच्याही गादीवर बसला. पिंजऱ्यातून थोडक्यात वाचलेल्या त्या मुलीचा वंशज लंडनला राजा झाला. मला विचाराल तर त्या दिवशी हे ठरलं.

---

अबोली७ : अंगावर काटा आला. इझाबेलाचा पुतळा आहे का कुठे? टेकाडावर नवऱ्याला, भावाला, बापाला जागा आणि मुकुट ठेवणारी बाई कुठेच नाही, असं नको असू दे.

---

केळणाकाठ : "दोन ओढ्यांच्या बेचक्यात" हे वाचून थबकलो. मी जालना जिल्ह्यातला. आमच्याकडे असईची लढाई केळणा आणि जुई नद्यांच्या अशाच बेचक्यात झाली, २३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर वेलस्ली चालून आला तेव्हा त्याच्याकडच्या गोऱ्या पलटणींत ७४ वी आणि ७८ वी, दोन्ही स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणी. ७४ वी असई गावापाशी शिंद्यांच्या तोफांच्या माऱ्यात सापडली आणि जवळजवळ संपली.

लहानपणापासून ऐकत आलोय की "इंग्रजांशी" लढाई झाली. ती पोरं इंग्रज नव्हती. ज्यांच्या खापरपणजोबांनी परक्या राजाला ओढ्यात लोटलं, त्यांची पोरं पाच हजार मैलांवर दुसऱ्यांच्या नदीकाठी मरायला आली. दोष कुणाला द्यावा कळत नाही, पण त्या लोकांबद्दल वाचताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

---

पायवाट : @केळणाकाठ, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. इथे गावोगावच्या स्मारकांवर परदेशी लढायांची नावं कोरलेली असतात. त्यांत आपल्याकडची नावं दिसली की मी थांबते. १७०७ ला दोन्ही संसदा एक झाल्यावर स्कॉटलंडला साम्राज्याचा फायदा भरपूर मिळाला. सैन्यात, व्यापारात, मळ्यांत स्कॉट लोक सगळीकडे होते. बॅनकबर्नचा वारसा सांगणाऱ्यांनी तोही आपलाच म्हणायला हवा.

@अबोली७, टेकाडावर तरी नाही.

---

तिसरा_प्रहर : मार्जरीचा मुद्दा जोरदार आहे, मागे घेतो थोडंसं. पण वारसा म्हणायचा तर लढाईपेक्षा आर्ब्रोथचं पत्र मोठं. ६ एप्रिल १३२०, पोप बाविसाव्या जॉनला लॅटिनमध्ये लिहिलेलं. सरदारांच्या मोहोरा लावलेली त्याची प्रत अजून एडिनबर्गला जपलेली आहे. आमच्यातले शंभर जण जिवंत असेतोवर इंग्रजांची सत्ता मानणार नाही, आम्ही वैभवासाठी किंवा मानासाठी नाही तर स्वातंत्र्यासाठी लढतो, हा त्यातला भाग सगळे सांगतात. त्याच्या आधीचं वाक्य मला जास्त भिडतं. आम्ही ब्रूसला राजा केलं, पण उद्या त्याने हे काम सोडून आम्हाला इंग्रजांच्या ताब्यात द्यायचं म्हटलं तर त्यालाही हाकलू आणि दुसरा राजा करू. १३२० मध्ये! राजाच्याच कचेरीत तयार झालेल्या पत्रात!

अर्थात हेही सांगतो की मोहोरा लावणाऱ्यांपैकी काहींनी त्याच वर्षी ब्रूसविरुद्ध कट केला आणि पकडले गेले. पत्रात लोकशाही शोधू नये. 'लोक' म्हणजे तेव्हा सरदार, जमीनदार, धर्मगुरू.

---

पायवाट : @तिसरा_प्रहर, पत्राबद्दल शब्दन् शब्द मान्य. फक्त लढाई आणि पत्र वेगळं काढू नका. राजा आपल्या बळावर उभा आहे हे ज्यांनी ओढ्याकाठी पाहिलं, त्यांनाच सहा वर्षांनी असं लिहायचं धाडस झालं. आणि भाले धरणाऱ्यांत सरदार किती असतील? त्यांची नावं कुठल्याच मोहरेवर नाहीत. ग्लॉस्टरला ज्याने पाडलं त्याचं नावही आपल्यापर्यंत आलं नाही.

---

दुपारचा_चहा : २०१४ ला मी शिकायला ग्लासगोत होतो. त्या वर्षी लढाईला ७०० वर्षं झाली आणि १८ सप्टेंबरला स्वातंत्र्याचं सार्वमत. बाहेरच्यांना वाटायचं की बॅनकबर्नच्या नावाने मतं मागत असतील. मला तसं कुठे दिसलं नाही. माझ्या वर्गातली मुलं चलन कोणतं असणार, पेन्शनचं काय, तेल किती वर्षं पुरेल यावर रात्र रात्र भांडायची. मतदान झालं जवळजवळ ८५ टक्के. ५५ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. बॅनकबर्न ज्या स्टर्लिंग भागात येतं तिथेही 'नाही'लाच जास्त मतं.

पण रग्बीच्या सामन्याआधी सगळं मैदान उभं राहून गातं ना, त्या गाण्यात एडवर्डला परत पाठवल्याचा उल्लेख येतो. माझ्या शेजारी उभा असलेला 'नाही'वाला मित्र डोळे पुसत गात होता. दोन्ही खरं आहे. मला ते तेव्हा समजलं नव्हतं, आता समजतं.

---

सुरंगी : पायवाट ताई, तुम्ही जमिनीचं जे वर्णन केलंत ते वाचून मला राहवलं नाही. चिकणमाती, मध्ये पाण्याचे चर, नदीकाठ. याला आमच्याकडे खाजण म्हणतात! माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. खाजणात वरून जमीन घट्ट दिसते, गुरं चरताना दिसतात. पण अनोळखी माणूस आत गेला की पोटरीपर्यंत रुततो, आणि पाय ओढायला गेलं की दुसरा रुततो. वडील सांगायचे, खाजणात घाई करायची नाही. त्यात घोडा, त्यावर चिलखत घातलेला माणूस, मागून हजार घोडे ढकलताहेत. मला ती लढाई आत्ता कळली.

एक विचारते. फोर्थला भरती-ओहोटी आहे का तिथवर? असेल तर पळणाऱ्यांना पाणी कोणत्या वेळेला मिळालं यावर सगळं आलं.

---

पायवाट : सुरंगी ताई, खाजण! नऊ वर्षं मी 'दलदल, दलदल' म्हणतेय आणि नेमका शब्द घरातच होता. हो, फोर्थ स्टर्लिंगपर्यंत भरतीची आहे. रविवारी ओहोटीच्या वेळेला ओढ्याच्या मुखाकडे जाऊन येते.

---

अबोली७ : फोटो टाक गं.

---

पायवाट : जाऊन आले. लढाईची जागा ओढ्याने बरीच वर आहे, हे आधी सांगते, नाहीतर तिसरा_प्रहर रागावतील. मी गेले ते खाली, जिथे ओढा फोर्थला मिळतो.

सकाळी ओहोटी होती. दोन्ही काठांना राखाडी, लोण्यासारखा चिखल, उतरता, चकचकीत, मध्ये पाण्याची एवढीशी धार. वरून बघितलं तर वाटावं की दोन ढांगांत पलीकडे. हातातली काठी टेकवली तर आवाज न करता कोपरभर आत गेली. बाहेर काढताना डावा बूट रुतला, तो काढायला गेले तर उजवा. सुरंगी ताईंचे वडील आठवले आणि घाई केली नाही. काठाच्या गवताला धरून बसून बूट सोडवला.

मग वर येऊन बसून राहिले. तासाभराने धार थांबली. थोडा वेळ पाणी नुसतं उभं, त्यावर एक पिसं. मग ते पिसं हळूहळू वरच्या बाजूला, स्टर्लिंगकडे जायला लागलं. ओढा उलटा वाहत होता. माझ्या बुटाचे खड्डे आधी भरले, मग दिसेनासे झाले. मी उठले तेव्हा चिखल कुठेच नव्हता, काठोकाठ तपकिरी पाणी.

फोटो काढायचा राहिला, हात चिखलाने भरले होते.

---

सुरंगी : पुढच्या वेळी दोरी न्या बरोबर. आणि एकट्या जाऊ नका.